कोण चुकतंय ते सांगा

जोडपं पहिल्यांदा येतं तेव्हा बहुतेक वेळा दोघांच्याही मनात एकच मागणी असते. कुणी ती खुर्चीत टेकता टेकताच बोलून टाकतं, कुणी तासभर पोटात ठेवतं. "मॅडम, तुम्ही दोघांचं ऐका आणि कोण चुकतंय ते सांगा." या मागणीचं मला नवल वाटत नाही. नवरा-बायकोचं बिनसलं की मामा, काका, गावातली दोन जाणती माणसं जमवून बैठक बसवायची आपली रीत आहे. दोन्हीकडचं ऐकून घेतलं जातं, मग थोरला माणूस दोघांनाही चार शब्द सुनावतो, मुलीला सांभाळून घ्यायला सांगतो, मुलाला हात आवरायला सांगतो, चहा होतो आणि माणसं पांगतात. कित्येक संसार या बैठकांनी तारले असतील. पण माझ्याकडे येणारी जोडपी अशा दोन-तीन बैठका होऊन, निकाल ऐकून, घरी जाऊन पुन्हा त्याच जागी अडकलेली असतात. आणखी एक निकाल देऊन त्यांच्या हाती काय पडणार?

मी नाशिकला समुपदेशनाचं काम करते. एकेकट्या माणसांसोबत करते तसंच जोडप्यांसोबतही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली माणसं येतात, कॉलेजची मुलं येतात, निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार येतात, निवृत्त शिक्षक येतात. परगावी किंवा परदेशी गेलेली काही मुलं-मुली व्हिडिओ कॉलवर भेटतात. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांना विचारूनच लिहिलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्या खोलीत सारख्या उंचीच्या खुर्च्या आहेत आणि मधे टेबल नाही. कुठे बसायचं ते येणाऱ्याने ठरवायचं. जोडप्यातले दोघे शेजारी बसतात की एक खुर्ची मधे सोडतात, तेवढ्यावरूनही बरंच कळतं, पण त्यावर मी लगेच काही बोलत नाही. मी टिपणं काढते. ती कशासाठी, हे आधी सांगते आणि हवी तेव्हा वाचायला मागा, असंही सांगते. फार थोडे जण मागतात, पण मागता येतात हे कळल्यावर माणूस खुर्चीत जरा सैलावतो.

गोपनीयतेबद्दल मोघम बोललेलं मला आवडत नाही. "इथलं बाहेर जाणार नाही" एवढं म्हणून भागत नाही. कधी जाऊ शकतं तेही सांगावं लागतं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं मला बंधनकारक आहे. हे ऐकून माणसं बिचकतील असं नवख्या समुपदेशकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. कुंपण कुठे आहे ते नीट कळलं की माणूस आत मोकळा वावरतो.

जोडप्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते. सुरुवातीला मी दोघांना एकेकदा वेगवेगळं भेटते. तेव्हा एखाद्याने म्हटलं, "हे तिला सांगू नका हं," तर काय? म्हणून वेगळं भेटण्याआधीच, दोघांसमोर, नियम ठरतो: जे नात्याच्या मुळाशी आहे ते मी लपवून ठेवणार नाही, मात्र ते सांगायचं कसं आणि कधी यासाठी तुमच्या पाठीशी उभी राहीन. याला अपवाद एकच, भीती. त्याबद्दल पुढे लिहिते.

शिकत असताना आम्हाला एक जुनी चित्रफीत दाखवली होती. 1965 सालची. ग्लोरिया नावाची, घटस्फोट झालेली एक तरुण आई एकापाठोपाठ एक तीन नामवंत उपचारकांसमोर बसते: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. मुलीशी खरं बोललं तर तिच्या मनावर वाईट परिणाम होईल का, हा ग्लोरियाचा प्रश्न असतो. रॉजर्सकडून ती पुन्हा पुन्हा उत्तर काढायला बघते. तो उत्तर देत नाही, आणि तिला झटकूनही टाकत नाही. हा निर्णय किती अवघड आहे हे मला कळतंय आणि त्यात मी तुझ्याबरोबर आहे, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर दिसत राहतं. आमच्या वर्गात त्यावरून वाद झाला होता. "एवढे पैसे घेऊन उत्तरही नाही द्यायचं?" असं एका मुलीने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. रॉजर्सने उपचाराला येणाऱ्याला ‘रुग्ण’ न म्हणता ‘क्लायंट’ म्हणायची पद्धत रुजवली. 1957 साली त्याने एक निबंध लिहिला. समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आपण आतून-बाहेरून एकच असणं, या गोष्टी उपचारकात असल्या तर माणूस आपली वाट स्वतः शोधू लागतो, असं त्यात मांडलं आहे.

महाराष्ट्रात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांवर मात्र एलिसचा प्रभाव जास्त आहे. त्याचं कारण कि. मो. फडके. एलिसने 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडके सरांनी मराठी माणसांपर्यंत पोहोचवली. घटनेमुळे त्रास होतो त्याहून जास्त त्रास घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांमुळे होतो, हे त्यातलं सूत्र मला आजही उपयोगी पडतं. पण ते मी सुरुवातीला काढत नाही. ज्याचं अजून कुणी ऐकूनच घेतलेलं नाही त्याला "तुझा विचार अविवेकी आहे" म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही. आधी रॉजर्स, मग एलिस, असा माझा क्रम आहे. तो कुठल्या पुस्तकात दिलेला नाही, कामातून बसलेला आहे.

आता एका जोडप्याबद्दल. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, बायको शाळेत शिकवते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, एक मुलगी. तिची तक्रार अशी, की हा बोलतच नाही. "दगडाशी बोलतेय असं वाटतं. मी रडले काय, ओरडले काय, ह्याला काही फरकच पडत नाही." तो मांडीवरच्या हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत बसलेला. चेहऱ्यावर खरोखरच काही दिसत नव्हतं.

माझ्या खणात करोनाच्या काळातला ऑक्सिमीटर आहे. मी दोघांना विचारलं, "एक करून बघायचं का? नको वाटलं तर नको." तो म्हणाला, "चालेल." त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. तिला म्हटलं, मागच्या रविवारचं जे सांगत होतात ते पुढे सांगा. नणंदेच्या डोहाळेजेवणातून हा तिला न सांगता लवकर निघून गेला होता आणि नंतर चार दिवस तो विषय घरात धुमसत होता. ती सांगू लागली. सुरुवातीला ठोक्यांचा आकडा 86 होता. तिचा आवाज चढला तसा 98 झाला. "सगळ्यांसमोर मी एकटी पडले" या वाक्याला 109. मग 117. तो तसाच बसलेला, पट्ट्याची क्लिप उघडत, लावत. मी त्याला विचारून त्याचा हात जरासा तिच्या बाजूला वळवला. तिने पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं.

"हे बरोबर दाखवतंय ना?"

"तुम्ही लावून बघा."

तिचे ठोके 94 होते. त्यानंतर तो बोलला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं लांब वाक्य होतं ते. "तू असं बोलायला लागलीस की माझ्या कानात घूं असा आवाज येतो. तू काय म्हणतेस तेच मला कळत नाही. आपण काही बोललो तर आणखी वाढेल म्हणून मी..." ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं तुला माझा कंटाळा आलाय."

यामागचं शास्त्र मी त्यांना सांगितलं, कारण माहिती माझ्याकडेच ठेवून मी शहाणी आणि ते अडाणी असा खेळ मला खेळायचा नसतो. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या संशोधकांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके वगैरे मोजले. ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे गेले की माणसाला नीट ऐकू येईनासं होतं, सुचेनासं होतं. अशा वेळी पुष्कळ जण, त्यातही पुरुष जास्त, भिंतीसारखे गप्प होतात. बाहेरून ते बेपर्वाईसारखं दिसतं. शरीर पूर्ववत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात मनात तोच वाद घोळवत बसलं तर वीस मिनिटंही पुरत नाहीत.

मग मी वही आणि पेन त्यांच्या हातात दिलं. जे घडतं ते तुम्ही काढा. दोघांनी मिळून एक गोल काढला: ती विचारते, तो गप्प, ती आवाज चढवते, तो आणखी गप्प, ती जुनं काढते, तो घराबाहेर, ती रडते, तो उशिरा येतो, ती विचारते. स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात जोडप्यांसाठी भावनाकेंद्री उपचारपद्धती उभी केली, तिच्यात या चक्राला फार महत्त्व आहे. एक पाठलाग करतो, दुसरा मागे सरतो, आणि दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. कागदावर गोल आला की सुरुवात कुठे झाली हे शोधायची गरजच उरत नाही. त्या दिवसानंतर "कोण चुकतंय" हा प्रश्न त्या दोघांनी विचारला नाही.

वीस मिनिटं थांबायचं ठरलं, पण कसं, ते त्यांनीच ठरवलं. ती म्हणाली, "हा जातो म्हणतो आणि येतच नाही, माझं सगळं दुखणं तेच आहे." म्हणून असं ठरलं, की जो थांबेल त्याने परत किती वाजता बसायचं ते बोलून जायचं. तो म्हणाला, मी गच्चीत जाईन. ती म्हणाली, मोबाइल घेऊन नाही. तो म्हणाला, बरं, झाडांना पाणी घालीन. खुणेचा शब्द त्याने दिला: "शिफ्ट सुटली." हा शब्द मला कधी सुचला नसता. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी जड विषय काढायचाच नाही, हा नियम तर त्यांनी माझ्यापर्यंत न येता घरीच केला. मला पुढच्या भेटीत नुसता सांगितला.

त्यांच्यातले सगळे वाद संपले का? नाही. तिला माणसांत राहायला आवडतं, त्याला समारंभात गुदमरतं. हे बदलणार नाही. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांच्या वादविषयांपैकी सुमारे 69 टक्के विषय कायमचे निघाले. स्वभाव, सवयी, माणसांची आवड-निवड यांतून आलेले ते न सुटणारे विषय. हा आकडा सांगितला की जोडपी निराश होतील असं वाटतं, पण पुष्कळांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. म्हणजे फक्त आपलंच असं नाही.

निफाड तालुक्यातलं एक जोडपं मला वेगळ्या कारणाने आठवतं. द्राक्षबाग, एकत्र कुटुंब, घरात लहान-मोठी अकरा माणसं. त्यांची वेळ ठरवायची म्हणजे आधी ऑक्टोबर छाटणी कधी, ते विचारावं लागायचं. अवकाळी पाऊस आला की पहाटे उठून फवारणी, मग भेट रद्द. लग्नाला चार वर्षं होऊनही दोघं एकमेकांशी फारसं बोललेलीच नव्हती. भांडण असं काही नव्हतं. ती म्हणाली, "ह्यांच्या डोक्यावर किती कर्ज आहे ते मला जाऊबाईंकडून कळतं." तो म्हणाला, "हिला कशाला काळजीत टाकायचं?"

पुस्तकातला उपाय असा असतो, की आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त दोघांची ठेवा, बाहेर जेवायला जा. मी तो उच्चारलासुद्धा नाही. त्यांना विचारलं, तुमच्या घरात, तुमच्या दिवसात, दोघंच असता अशी एखादी जागा आहे का? दोघांनी विचार केला. खोली म्हणजे मधे पडदा आणि पलीकडे सासूबाई. स्वयंपाकघरात जावा. बागेत मजूर. मग ती म्हणाली, "सकाळी दूध घालायला हे एकटे जातात, संकलन केंद्रावर. मी बसले मागं तर?" तो लगेच म्हणाला, "घरात काय सांगायचं?" त्यावर बराच खल झाला. दुधाचा हिशेब ठेवायचं काम ती अंगावर घेईल असं ठरलं, कारण त्याची वही तशीही धड नव्हती. दुचाकीवर जाता-येता वीस-पंचवीस मिनिटं. गाडीवर तोंड समोर असतं, डोळ्याला डोळा भिडत नाही, हे त्या दोघांना सोयीचं पडलं. कर्जाचा खरा आकडा त्याने तिला याच रस्त्यावर सांगितला. त्याने आधी गाडी थांबवली होती, असं ती म्हणाली.

असा उपाय मी एकटीने बसून काढू शकले नसते. त्या घराची उठबस त्यांना माहीत, मला नाही. माणसाचं मन कसं चालतं याची थोडी जाण माझ्याकडे आहे. त्याचं स्वतःचं आयुष्य कसं चालतं याचं ज्ञान त्याच्याकडेच असतं. ही दोन्ही एकत्र आली तर काम होतं. एडवर्ड बोर्डिन याने 1979 साली उपचारक आणि येणारा यांच्यातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. विश्वास जमला पण बाकीची दोन राहिली तर भेटी गप्पांसारख्या गोड होतात आणि पुढे काही सरकत नाही. आपुलकी म्हणजे गोड बोलणं, असं मी मानत नाही. समोरच्याला न आवडणारी गोष्ट त्याची परवानगी घेऊन, त्याचा मान राखून सांगता येणं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

एकेकट्या माणसांसोबतचं काम वेगळं असतं, पण पाया तोच. एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, म्हणजे त्यांच्या मुलीने आणले होते. पत्नी जाऊन वर्ष होत आलेलं. गुरुजी ताठ बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "मला वेड लागलेलं नाही." मी म्हटलं, "इथं यायचं तुमच्या मनात होतं का?" "नव्हतं." "मग हा तास कसा वापरायचा ते तुम्ही ठरवा. लवकर उठून जायचं असेल तरी माझी हरकत नाही." ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग मला विचारलं, "बाई, तुम्ही शाळा कुठली?" पंधरा-वीस मिनिटं आम्ही शाळांवर बोललो. जुन्या फायनलच्या परीक्षेवर, शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांवर. निघताना म्हणाले, "पुढच्या सोमवारी येईन."

मुलीची काळजी एका गोष्टीवरून होती. गुरुजी दर महिन्याला पत्नीच्या मोबाइलचं रिचार्ज करत. फोन कपाटात बंद, पण नंबर चालू. मुलीला वाटत होतं हे बरं लक्षण नाही, बाबांनी आता यातून बाहेर पडायला हवं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत गुरुजींनी तो विषय स्वतः काढला. "तो नंबर बंद पडला की कंपनी दुसऱ्या कुणाला देते. कुणीतरी परका माणूस त्या नंबरवरून बोलेल, हे मला सोसणार नाही." एवढं सांगून त्यांनी चष्मा काढून पुसला.

फ्रॉइडने 1917 साली शोकावर लिहिताना म्हटलं होतं, की गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं हे शोकाचं काम असतं. ही कल्पना पुढे अनेक दशकं टिकली. 1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या पुस्तकाने वेगळी बाजू जोरकसपणे पुढे आणली: गेलेल्या माणसाशी नातं संपत नाही, ते रूप बदलून चालू राहतं, आणि त्यात आजार काही नाही. आपण श्राद्धाला पान वाढतो, नैवेद्यात त्या माणसाची आवडती भाजी करतो. आपल्याला हे शिकवावं लागू नये. गुरुजींना मी या दोन्ही बाजू सांगितल्या आणि विचारलं, तुम्हाला कुठली जवळची वाटते. त्यांनी दोन दिवस विचार करून मला फोन केला, हे त्यांच्यातल्या शिक्षकाला साजेसंच होतं. रिचार्ज चालू ठेवायचं ठरलं. पण दुसरी एक गोष्ट त्यांना स्वतःलाच खटकत होती: संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसायची सवय. झोप तुटलेली, जेवण कमी झालेलं. त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे तपासून यायला सुचवलं. आम्ही समुपदेशक औषधं देत नाही, आणि जिथे औषध लागतं तिथे नुसतं बोलत राहणं हा अन्याय आहे. रक्ततपासणीही झाली. काही महिने गोळ्या चालल्या. मुलगी एका भेटीला आली तेव्हा गुरुजींनी तिला नंबरचं कारण स्वतः सांगितलं. पुढचं रिचार्ज तिने केलं.

भेट संपताना मी एक छोटा कागद देते. त्यावर चार आडव्या रेघा असतात, स्कॉट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या पट्टीप्रमाणे. आज माझं ऐकलं गेलं का, मला हव्या त्या विषयावर बोललो का, पद्धत मला रुचली का, आणि एकूण कसं वाटलं. प्रत्येक रेघेवर खूण करायची. स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा बाकी तिन्ही रेघांवर उजवीकडे खूण करायचा आणि विषयाच्या रेघेवर मधोमध. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "परीक्षेची भीती आहेच, पण खरं म्हणजे मला परीक्षा सोडायची आहे. घरी कसं सांगू ते कळत नाही." मोठ्या माणसाला तोंडावर "हे नको" म्हणणं आपल्याकडच्या मुलांना जड जातं. रेघेवर खूण करणं त्यांना जमतं.

भीतीबद्दल लिहिते असं म्हटलं होतं. वेगळ्या भेटीत मी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला थेट विचारते: घरात हात उगारला जातो का? पैसे, फोन, माहेरी जाणं यांवर पहारा असतो का? इथे खरं बोललात तर घरी गेल्यावर काय होईल? एखादीचं उत्तर "भीती वाटते" असं आलं, तर त्या जोडप्याचं एकत्र समुपदेशन मी करत नाही. इथे दोघांच्या मधे राहून चालत नाही. माझ्या समोर ती मोकळं बोलेल आणि रात्री त्याची किंमत मोजेल. अशा वेळी तिच्या सुरक्षिततेचं बघायचं असतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन, विश्वासातलं एखादं माणूस, हाताशी ठेवायची कागदपत्रं, हे सगळं तिच्यासोबत बसून तिच्या गतीने ठरवावं लागतं. "थोडं तूही समजून घे" हे वाक्य अशा बाईला आजवर इतक्या जणांनी ऐकवलेलं असतं, की माझ्या खोलीत ते उच्चारलं जाऊ नये याची मी फार काळजी घेते.

काही जोडपी वेगळी होतात. नातेवाईकांच्या लेखी तेव्हा समुपदेशन वाया गेलेलं असतं. मला तसं वाटत नाही. 1984 च्या कायद्याने कुटुंब न्यायालयं आली, तिथे विवाह समुपदेशक असतात, आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांच्या मधे सहा महिन्यांचा काळ ठेवलेला आहे. योग्य प्रकरणात तो काळ माफ करता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. माझ्याकडच्या एका जोडप्याला तो माफ करून नको होता. ते सहा महिने त्यांनी मुलाला कसं सांगायचं यासाठी वापरले. काय सांगायचं त्याचा मसुदा आम्ही तिघांनी मिळून केला. आई म्हणाली, "आमचं पटत नाही" असं म्हणू या. वडील म्हणाले, नको, मग तो म्हणेल मी पटवून देतो. शेवटी वाक्य असं ठरलं: "आम्ही दोघं वेगळ्या घरांत राहणार आहोत, तुझ्यामुळे नाही, आणि ते तू बदलू शकणार नाहीस. शाळेत सोडायला बाबाच येईल." मुलगा आठ वर्षांचा होता. त्याचा पहिला प्रश्न आला, सायकल कुठल्या घरी राहणार? त्याचं उत्तर दोघांपैकी कुणीच तयार ठेवलं नव्हतं. तिथल्या तिथे एकमेकांकडे बघून त्यांनी ते दिलं, हे मला नंतर दोघांनीही वेगवेगळं फोन करून सांगितलं.

काम थांबवायचं केव्हा, हेही मिळूनच ठरतं. भेटी आधी पंधरवड्याने होतात, मग महिन्याने, मग एक ठरवलेली तारीख. शेवटच्या भेटीत एक पान लिहायचं असतं: पुन्हा बिघडतंय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा आधी काय करायचं, कुणाला सांगायचं, आणि रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर फोन कुठे करायचा. या शेवटच्या ओळीवर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मी लिहायला सांगते, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बाकीचं पान त्यांचं.

सातपूरच्या जोडप्याच्या पानावर खुणा त्याने लिहिल्या आणि उपाय तिने. ‘मी जेवताना मोबाइल घेऊन बसायला लागलो की’ असं त्याने लिहिलं. तिने समोर लिहिलं, ‘त्या दिवशी काही विचारायचं नाही, शेजारी बसायचं. दुसऱ्या दिवशी विचारायचं.’ त्याने वाचलं आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ वाढवली: ‘दुसऱ्या दिवशी मी आपणहून सांगीन.’ ती म्हणाली, "हे लिहू नकोस, जमेल तेवढंच लिही." त्यावर पाचेक मिनिटं वाद झाला, आवाजही चढले. मी मधे पडले नाही. ‘आपणहून’ खोडून त्याने ‘विचारलंस तर’ केलं आणि दोघांनी खाली सही केली.